अपेक्षित उत्तर : कर्नाटक

बीएडच्या मुलांचे पाठ बघायला मागच्या बाकावर बसणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. बाक बारक्या पोरांचा, आपले गुडघे हनुवटीला, मांडीवर निरीक्षण वही, ही बाई काय लिहिते म्हणून पोरं दर दोन मिनिटांनी मागं वळून बघणार आणि पुढं आपला छात्राध्यापक घामाघूम. तशीच बसले होते एकदा, बेळगावाजवळच्या एका मराठी शाळेत, सातवीच्या वर्गावर. पाठ घेणारा मुलगा खानापूर तालुक्यातला, हुशार, आवाज खणखणीत, विषय कर्नाटकाचं एकीकरण. प्रस्तावनेचा पहिलाच प्रश्न टाकला त्यानं, "मुलांनो, आपण कोणत्या राज्यात राहतो?" पाठाच्या टाचणात, म्हणजे आधी लिहून आणलेल्या आराखड्यात, त्याच्यापुढं लिहिलेलं होतं, अपेक्षित उत्तर : कर्नाटक.

तिसऱ्या बाकावरची पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "महाराष्ट्रात."

हा म्हणाला, "शाब्बास, बस खाली."

आता ह्यात त्याचा दोष नाही हो, सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या छोट्या सराव पाठांत, आम्हीच घोटून घेतलेलं असतं की उत्तर आलं की लगेच प्रबलन द्यायचं, शाब्बास, छान, बरोबर. अर्ध्या सेकंदानं त्याला कळलं आपण काय बोललो आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, मी वहीत बघितलं. तेवढ्यात खिडकीकडचा एक पोरगा, "चूक हाय सर, कर्नाटकात. आधार कार्डावर हाय." त्यावर ती पोरगी परत उठून, "आधार कार्डावर हाय खरं, आमचं आजोबा म्हणतात ते नुसतं कागदावर." आणि वर्ग पेटला. माझ्या विद्यार्थ्यानं काय करावं? डस्टर घेतलं आणि कोरा फळा पुसायला लागला. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं फळ्यावर.

मी वहीत "प्रबलन चांगले" असं लिहून बसले होते, ते खोडलं. पण खोडून त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, कारण त्याच्या जागी मी असते तर मी पण फळाच पुसला असता. वीसेक वर्षं झाली मी शिक्षक तयार करतेय, समाजविज्ञानाची मेथड माझ्याकडं, आणि ह्या एका प्रश्नाचं काय करायचं हे मी कधीच कुणाला शिकवलं नव्हतं. टाळायचं कसं तेवढं मात्र शिकवलं होतं, तोंडानं नाही, वागण्यातनं.

माझ्या घरचं सांगते म्हणजे कळेल. १९५६ साली ज्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, त्या १ नोव्हेंबरला वडील दंडाला काळी फीत बांधून निषेधाच्या फेरीला जायचे, लहानपणी मी पण गेलेय त्यांच्या बोटाला धरून. पुढं नोकरी लागली आणि त्याच १ नोव्हेंबरला मी कॉलेजच्या पटांगणात कर्नाटक राज्योत्सवाच्या झेंड्यापुढं उभी. घरी आले की वडील काही बोलायचे नाहीत, फक्त "चहा घेतलास काय?" म्हणायचे. बेळगावात अशी घरं ढीगभर आहेत. आणि ह्याच घरातनं माझे विद्यार्थी येतात, काही मराठी, काही गोकाक-बैलहोंगलकडचे कन्नड, एकदोन उर्दूवाले, निपाणीकडचे तर घरात एक, गल्लीत एक आणि शाळेत तिसरीच भाषा बोलणारे. प्रत्येकजण १९५६ ची एक गोष्ट घरनं घेऊन आलेला असतो, डब्यासारखी, झाकण घट्ट लावून.

आमचं ट्रेनिंग त्या डब्याला हातच लावत नाही. सूक्ष्म अध्यापनाचं चक्र बघा, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, १२ मिनिटं परत टाचण, ६ मिनिटं परत पाठ, परत ६ मिनिटं प्रत्याभरण, झाली ३६ मिनिटं. आवाज सुधारतो, खडू धरायला येतो, फळ्याकडं पाठ न करता लिहायला येतं, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. खरं ह्यात समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात ते पण बीएडचेच, त्यांना अपेक्षित उत्तर आधीच माहीत, आणि उद्या आपला पण नंबर आहे म्हणून ते इमानानं तेच देतात. पाठाच्या पायऱ्या म्हणून पूर्वी हर्बार्टची पंचपदी होती, आता ५ ई नावाच्या पाच पायऱ्या आल्यात, कोर्स २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, इंटर्नशिप वाढली, फाइली जाड झाल्या. अपेक्षित उत्तराचा रकाना तेवढा आहे तिथंच आहे.

तर त्या पाठानंतर मला जोर चढला आणि मी पहिली चूक केली. पुढच्या बॅचला सरळ वादविवाद लावला, सीमाप्रश्न, एक गट ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. वाटलं मुलं मोकळी होतील. झाली की, इतकी मोकळी झाली की पंधराव्या मिनिटाला एक मुलगा बॅग उचलून निघून गेला, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी काकांचा फोन, मग वरनं निरोप, मॅडम सिलॅबस पूर्ण करा. आठवडाभर डबे एकत्र उघडले नाहीत पोरांनी. वादविवादात प्रत्येकानं आपलं घरचंच अजून मोठ्या आवाजात सांगितलं, एवढंच झालं. मी शिक्षक तयार करायला बसलेय का वक्ते, असं स्वतःलाच विचारलं मी.

त्याच्या पुढच्या वर्षी उलटं केलं, भाषेपासनं सुरुवातच नको म्हटलं. पाणी घेतलं. मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाते, म्हादई त्याच डोंगरातनं पश्चिमेला गोव्यात उतरते, मधे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं भांडण. २०१८ साली लवादानं निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी. माझा हिशेब असा की गोव्याविरुद्ध मराठी-कन्नड सगळे एका बाजूला येतील, जरा सवय होईल वाद हाताळायची. पण खानापूरची मुलगी उठून म्हणाली की मॅडम, पाणी हुबळी-धारवाडला जाणार, कालवा आमच्या रानातनं, आमच्या गावच्या विहिरीचं काय? आणि तिच्या शेजारी बसलेली सौंदत्तीकडची कन्नड मुलगी, दोघी एकाच रूमवर राहणाऱ्या, ती म्हणाली आमच्याकडं उन्हाळ्यात घागरीची रांग असते ते तू बघितलीस का. माझा हिशेब गेला खड्ड्यात, पण एक कळलं त्यातनं, की बाजू भाषेनंच पडते असं काही नाही, कोण कुठं उभा आहे त्यावर पडते. हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कुणी वहीत पण घेतलं नसतं.

मग शहापूर. कपिलेश्वराच्या रेल्वेपुलापलीकडं गेलं की शहापूर, आज बेळगावचाच भाग, साड्या घ्यायला बायका तिकडंच जातात. तिथं बारा-पंधरा जणांना चालत नेलं आणि विचारलं, आत्ता आपण राज्याची हद्द ओलांडली, कळलं का कुणाला? सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. म्हणजे पुलाच्या अलीकडं ब्रिटिश आणि पलीकडं सांगलीचे राजे पटवर्धन. एका विणकराच्या घरात गेलो, ऐंशीच्या पुढचे आजोबा, माग बंद पडून वर्षं झाली होती, त्यावर आता चादरी-गोधड्या रचून ठेवलेल्या. माझ्याशी मराठीत बोलले, गोकाकच्या मुलीशी कन्नडमधे आणि आतल्या खोलीत बायकोवर ओरडले ते पण कन्नडमधे. मुलांनी विचारलं, आजोबा हे कर्नाटकात कधी आलं? ते म्हणाले, "आम्ही कुठं आलो? माग हितंच हाय माझा. सांगली होती, मग मुंबई आली, मग म्हैसूर, मग कर्नाटक म्हणाले. माग मी हालवलो नाही."

बाहेर पडल्या पडल्या चार जणांनी ठरवून टाकलं की पाठाचा शेवट ह्याच वाक्यानं करायचा. मी म्हटलं थांबा, एवढी घाई नको. म्हाताऱ्याचं वाक्य गोड आहे, पण एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. प्रत्येक पायरीचं साल शोधून आणा, मग वापरा. संस्थान विलीन झालं १९४८, राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६, म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं १९७३. ही तीन सालं लायब्ररीत शोधायला त्यांना दोन दिवस लागले, कारण सगळे आधी मोबाइलवर शोधत बसले आणि तिथं तीन वेगळी उत्तरं मिळाली. तो वैताग पण कामाचाच होता, आजोबा बरोबर होते हे त्यांना स्वतःला पडताळून कळलं.

त्याच्यानंतर मी जे केलं ते मला स्वतःला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मराठी मुलांच्या गटाला चिठ्ठी दिली, "बेळगाव, १९२४". कन्नड मुलांच्या गटाला चिठ्ठी, "बेळगाव, १९४६". एवढंच. काय झालं ते शोधून या.

१९२४ म्हटल्यावर काँग्रेस अधिवेशन सगळ्यांना माहीत, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, टिळकवाडीत ती विहीर अजून आहे, शाळेच्या सहली जातात. मराठी गट म्हणाला झालं की मॅडम, सोपं आहे. म्हटलं अजून खणा. तीन दिवसांनी आले तर चेहरे बदललेले. त्याच अधिवेशनाच्या वेळी बेळगावातच कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद भरली होती, सिद्दप्पा कंबळी अध्यक्ष. म्हणजे कन्नड मुलुख एक करा ही हाक १९५६ ला अचानक कुठनं तरी वरनं पडलेली नाही, बत्तीस वर्षं आधी आपल्याच गावात दिली होती. आणि अधिवेशन ज्यांनी उभं केलं ते गंगाधरराव देशपांडे, टिळकांचे माणूस, लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणायचे आणि आत्मकथा त्यांनी लिहिली मराठीत. ह्या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं यावर मुलं अर्धा तास भांडली. मी मधे पडले नाही, चहा घेऊन आले.

कन्नड गट १९४६ घेऊन आला. मराठी साहित्य संमेलन, बेळगाव, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. बैलहोंगलचा एक मुलगा, सणसणीत कन्नड अभिमानी, ज्यानं पहिल्या दिवशी मला विचारलं होतं की मॅडम नीवु कन्नडदल्ली याक माताडंगिल्ल, म्हणजे तुम्ही कन्नडात का बोलत नाही, तो म्हणाला, "म्हणजे त्यांना पण हे गाव सुरुवातीचंच वाटतं." बास. एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

दोन्ही स्वप्नं एकाच गावात, बावीस वर्षांच्या अंतरानं, आणि आम्ही दोघं शेजारी राहून एकमेकांचं साल ऐकलेलं नाही. माझं तरी काय वेगळं होतं, १९४६ मला वडिलांनी पाठ करून घेतलं होतं, १९२४ ची परिषद मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळली, समाजविज्ञानाच्या मेथडची बाई असून.

ह्या सगळ्यानंतर मग तो खरा प्रयोग. मराठी मुलानं पाच मिनिटं कन्नड बाजू मांडायची, कन्नड मुलीनं मराठी बाजू मांडायची. विशेषणं बंद. अन्याय, हट्ट, लबाडी, अस्मिता, असले शब्द वापरले की मी डस्टर आपटणार. आणि मार्क मी देणार नाही, ज्यांची बाजू मांडलीय त्यांनी म्हणायचं, हो, आमचं म्हणणं हेच आहे. नाही म्हणाले तर उद्या परत.

पहिल्या दिवशी कोणीच पास झालं नाही. मराठी मुलं कन्नड बाजू अशी मांडत होती की ऐकणाऱ्याला ती मूर्खच वाटावी, आणि उलट पण तेच. तिसऱ्या दिवशी गोकाकची मुलगी उभी राहिली. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग घेतला तिनं, १९६६ ला नेमला, १९६७ ला अहवाल, बेळगाव शहर म्हैसूरकडंच राहू दे म्हणाला, कर्नाटकानं मान्य केला, महाराष्ट्रानं नाकारला. मग म्हणाली, महाराष्ट्र का नाकारतो तर त्यांचं म्हणणं खेडं हा घटक धरा, शेजार सलग आहे का बघा, भाषा कुणाची जास्त ते बघा आणि लोकांना काय पाहिजे ते विचारा, ही मोजपट्टी सगळीकडं सारखी लावा. आणि मग म्हणाली, ज्या गावात आजीला सातबारा वाचता यायचा आणि नातवाला तिच्या जमिनीचा, आता कन्नडमधे आलेला कागद तिला वाचून दाखवता येत नाही तिथं भाषा म्हणजे भाषण नव्हे, कागद असतो. खानापूरचा मुलगा मान खाली घालून बसला होता, म्हणाला, "हो. हेच."

तिलाच नंतर एक गोष्ट खटकली ती सांगते. ती म्हणाली, मॅडम, महाजन आयोगानं निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. लगेच एक मराठी मुलगा, आणि जत, अक्कलकोट कर्नाटकाला द्या म्हटलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकच अहवाल, दोघांच्या घरी अर्धा अर्धा फाडून ठेवलेला.

आता कुणी विचारेल की हे सगळं करून वर्गात सातवीच्या पोरीला उत्तर काय द्यायचं? मी मुलांना एवढंच सांगते की त्या पोरीला चूक पण म्हणायचं नाही आणि शाब्बास पण नाही. "कुणी सांगितलं तुला? बरं, आजोबा असं का म्हणत असतील?" मग आधार कार्डवाल्याला, "तुझं कार्ड काय सांगतं? ते कधीपासनं?" आपण १९५६ पासनं कायद्यानं ह्या राज्यात आहोत हे खरं. तिच्या आजोबांना ते मान्य नाही हे पण खरं. २००४ मधे महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला हे पण खरं. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि हे सातवीच्या पोराला कळतं, मोठ्यांनाच जड जातं. मतं बनवायचं काम आमच्या शिक्षकाचं नाही, मत आणि कागद यातला फरक दाखवायचं आहे.

सराव शाळेतले एक हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तेवढा भाग सोडून घ्या की, उगाच कशाला. उद्या कोणी व्हिडिओ काढला तर तुमचं पोरगं जाईल निघून, मी राहणार हितं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्या भागात शाळा चालवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला मी कुठल्या आगीत ढकलतेय हा विचार मला पण रात्री येतो. म्हणून आम्ही ठरवलं, त्या शाळेत सीमाप्रश्न नाही, तिथं म्हादई घ्यायची. पद्धत तीच. हेडमास्तर स्वतः मागं बसून ऐकत होते आणि शेवटी त्यांनीच विचारलं, ह्याचा प्रश्न एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, येतो का? नाही येत, हे मला माहीत आहे. परीक्षेला साल येतं आणि आयोगाचं नाव येतं. म्हणून माझी मुलं ते पण पाठ करून घेतात, त्यात मी हयगय करू देत नाही, गुण गेले तर आईबाप कुणाचं ऐकणार नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं.

एवढं सगळं जमलं असं वाटत होतं तोवर मागच्या बॅचला फळ्यावर दोन रकाने आखले, एकीकडं मराठी, एकीकडं कन्नड, आणि उर्दू मीडियममधनं आलेली एक मुलगी, वर्षभर फारशी न बोललेली, तिनं हात वर केला. "मॅडम, ह्यात आम्ही कुठं?" तिचं घर बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, चार पिढ्या तिथंच. मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांची माझी ती दोन बाजूंची कल्पना, मी फार शहाणी म्हणून मिरवत होते, तिच्यात तिसरं माणूस बसायला जागाच नव्हती. तिला खडू दिला. तिनं उभी रेघ मारली, आणि आपल्या रकान्यात पहिलं लिहिलं ते राज्य वगैरे काही नाही, "नाना को किसी ने पूछा नहीं" असं देवनागरीत. नंतर ती नानांशी बोलून सहा पानं लिहून घेऊन आली. १९५६ ला ते शाळेत होते म्हणे आणि त्यांच्या आठवणीत एकच गोष्ट, शाळेवरची पाटी बदलायला आलेला माणूस आणि शिडी धरायला ह्यांना उभं केलं होतं ती.

तिनं तोच पाठ इंटर्नशिपमधे घेतला, प्रस्तावनेला शिडीची गोष्ट. टाचणाच्या छापील नमुन्यात अपेक्षित उत्तराला ओळ एकच असते, म्हणून तिनं मुलांनी खरंच काय काय उत्तरं दिली ती समासात लिहिली, बारक्या अक्षरात, पान भरून. बाहेरनं तपासायला आलेल्यांनी समासात लिहिलं म्हणून दोन मार्क कापले. मी ते परत दिले आणि खाली सही केली. ह्या वर्षीच्या मुलांना सांगितलंय, समास जरा रुंद आखा.